म्हाताऱ्या घड्याळांचे तरुण चेहरे

साठीच्या माणसाच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती नसली, तर आपल्याला शंका येतेच ना? मग साठ वर्षांच्या मनगटी घड्याळाची तबकडी काल छापल्यासारखी लखलखत असेल, तर ती का येऊ नये? मुंबईच्या चोर बाजारात फेव्हर ल्यूबाची जुनी घड्याळं अशी नारिंगी, पोपटी, निळ्या तबकड्या मिरवत बसलेली असतात. आत खरंखुरं चावीचं स्विस यंत्र. चेहरा मात्र इथल्याच कुणा रंगाऱ्यानं चढवलेला. संग्राहकांच्या जगात त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईकरानं कॉलर ताठ करावी, असं हे नाव नव्हे!

मला या घड्याळांचा नाद आहे. हातात आलं की पहिलं भिंग अक्षरांवर. कारखान्यातली छपाई रेखीव, काठ धारदार. पुन्हा छापलेली अक्षरं कुठं जाड, कुठं बारीक. शाई फुटलेली, ओळ किंचित तिरकी. मग मिनिटांच्या रेघा पाहायच्या. बाराच्या खुणेशी त्यांचं जमत नसेल, तर कुणाचा तरी हात हलला आहे. सहाच्या खाली अगदी काठाशी 'स्विस मेड' असतं. रंगारी ते गाळतो तरी किंवा भलतीकडे बसवतो. तारखेच्या खिडकीच्या कडेला रंग साचलेला असला, तर बघायलाच नको.

अंधारात चमकणाऱ्या खुणाही बोलतात. पूर्वी त्यांत रेडियम असे. साठच्या दशकापासून ट्रिटियम आलं आणि तबकडीच्या तळाशी इंग्रजी 'टी' छापला जाऊ लागला. तोच 'टी' १९४५च्या घड्याळावर दिसला, तर तबकडी नंतरची. काटे तपकिरी आणि ठिपके पांढरेशुभ्र, हेही जोडपं विजोडच. (रेडियमच्या खुणा घरी खरवडायच्या मात्र नाहीत. ती पूड अंगात जाणं धोक्याचं.)

अर्थात, एका खुणेवरून निकाल देऊ नये. १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळूरला सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ-कारखाना घ्या. २०१६मध्ये एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. आता 'जनता' नि 'पायलट'ला शौकीन शोधत फिरतात, आणि गिऱ्हाईक आलं की रंगारीही येतोच.

पण दर वेळी यात लबाडी असते, असं मला वाटत नाही. आपल्या दमट हवेत तबकडीवर डाग पडायचे, आणि दिवाळीआधी घराला रंग द्यावा तसा लोक घड्याळालाही देत. त्यात गैर काय? गैर आहे ते रंगवलेलं घड्याळ 'अस्सल' म्हणून विकणं. शिवाय रंगकामाआधी जुनी छपाई पार पितळेपर्यंत काढून टाकतात. ती परत येत नाही.

माझ्या वडिलांचं हेन्री सँडोझ आहे. २६ जुलै २००५ला ते कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले, तेव्हा हेच मनगटावर होतं. चाराच्या आकड्यापाशी तपकिरी डाग पडला, तो कायमचा. दुरुस्तीवाले म्हणाले, "साहेब, दोन दिवसांत कोरी करकरीत तबकडी करून देतो." मी यंत्र तेवढं साफ करून घेतलं आणि काच बदलली. डाग आहे तिथं आहे. घड्याळ दिवसाला दोन मिनिटं पुढं जातं.