गर्भाशयाची मान आणि ध्वनिलहरी

बटव्याचे बंद आंवळलेले असतात तोंवर आंतील नाणें सांडत नाहीं. गर्भाशयाच्या ग्रीवेचें, म्हणजे मानेचें, कार्य असेंच आहे. गर्भारपणाच्या मध्यावर तिची लांबी बहुधा ३५ ते ४० मिलिमीटर असते. कांहीं स्त्रियांत मात्र ती अकालीं आंखूड होते, आणि उघडूं लागते ती आंतल्या टोंकाकडून. म्हणून वेदना नसतांना, बोटांनीं तपासूनहि, तें सहसा कळत नाहीं.

ध्वनिलहरींच्या तपासणींत, म्हणजे सोनोग्राफींत, हें आंतलें टोंक दिसतें. मूत्राशय रिकामें करवून योनिमार्गानें ही तपासणी करितात. कारण भरलेलें मूत्राशय ग्रीवेला दाबून ती खोटीच लांब दाखवितें. २४ आठवड्यांपूर्वीं लांबी २५ मिलिमीटरहून कमी भरल्यास बहुधा योनिमार्गें प्रोजेस्टेरॉन देतात. पूर्वीं अकाल प्रसूति झालेली असल्यास ग्रीवेस टांका घालण्याचाहि विचार करितात. या उपायांनीं अकाल प्रसूतीचा धोका कमी होतो.

आंखूड ग्रीवा म्हणजे अकाल प्रसूति नव्हे. ती पूर्वसूचना होय. यास्तव, जिचें आधींचें मूल ३७ आठवडे भरण्यापूर्वीं जन्मलें असेल, तिनें तें डॉक्टरांस पहिल्याच भेटींत सांगावें. सूचना वेळीं मिळाली तरच उपायास अवधि उरतो.