त्रिरश्मी लेणी : पाण्याची शाळा

शाळेची सहल म्हटली की डबा, गाणी आणि खेळ एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु सहल हा चालता-फिरता वर्गही होऊ शकतो. नाशिकच्या विद्यार्थ्यांना पाण्याचा धडा शिकवण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर २४ बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा मात्र त्यांच्याशी काही संबंध नाही. शिल्पे पाहून मुले परततात आणि शेजारच्या पाण्याच्या टाक्यांकडे दुर्लक्ष होते. आमच्या मते खरा धडा तेथेच आहे.

डोंगरावर नदी नाही. मग येथे राहणारे भिक्खू पाणी कोठून आणीत? हा प्रश्न प्रथम मुलांनाच विचारावा. उत्तर असे की, ते पाऊस साठवीत. भेगा नसलेल्या काळ्या खडकात पाणी सहसा मुरत नाही. अशा जागी टाके कोरून कातळावरून ओघळणारे पाणी त्यात उतरवले जाई. टाके खडकाच्या पोटात व सावलीत असल्याने ऊन कमी लागते, वाफ कमी होते आणि पाणी थंड राहते.

या टाक्यांना शिलालेखात 'पोढी' म्हटले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे क्र. १० मधील लेखात लेण्याबरोबर पोढी कोरवल्याचेही नमूद केले आहे. नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचा आणि दोन्ही तीरांवर विश्रांतिस्थाने व पाणपोया उभारल्याचाही त्यात उल्लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी पाण्याची सोय हे मोठे दान समजले जात होते, हे यावरून दिसते.

विनयाचे नियमही मुलांना सांगण्यासारखे आहेत. पाणी गाळण्याचे वस्त्र भिक्खूच्या आठ आवश्यक वस्तूंत मोडते. पाण्यात थुंकणे वा मलमूत्र विसर्जन करणे आजारी नसलेल्या भिक्खूला निषिद्ध आहे. नदीकाठी निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकणाऱ्या आपणा सर्वांना हा नियम आजही लागू करता येईल.

यानंतर थोडे गणित करावे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर ६०,००० लिटर पाणी छपरावर पडते. गळणाऱ्या नळाखाली तासाभरात १ लिटरची बाटली भरत असेल, तर वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया जाते. पाठ केलेल्या घोषवाक्यापेक्षा स्वतः केलेले हे गणित मुलांच्या लक्षात राहते.

सहलीचा दुसरा टप्पा गंगापूर धरण असावा. गोदावरीवरील या मातीच्या धरणाची साठवणक्षमता गाळामुळे मूळच्यापेक्षा घटली आहे. उघड्या डोंगरांवरची माती पावसाबरोबर वाहून येते, म्हणून झाड राखणे हे पाणी राखणेच होय.

धरणाचे पाणी कोणाचे, हा प्रश्नही येथे निघावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये नाशिक व नगरकडील धरणांतून पैठणच्या जायकवाडीसाठी पाणी सोडले गेले, तेव्हा दोन्हीकडे वाद झाला. वाद नवा नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात तंटा झाला आणि सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे.

पाणी वाचवण्याचा धडा पाणी वाटून घेण्याच्या धड्यावाचून अपुरा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह प्राशन केले. त्या तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क न्यायालयात कायम होण्यास १९३७ साल उजाडले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ओंजळभर पाण्यासाठी लढावे लागले, त्यांच्या मुलांनी थेंबाचे मोल इतरांना शिकवावे, हे योग्यच आहे.

सभासद पालकांनी आपल्या शाळेत अशा सहलीचा आग्रह धरावा. विद्यार्थ्यांनी परतल्यावर घरातील व शाळेतील गळके नळ मोजून वहीत लिहावेत आणि दुरुस्त करून घ्यावेत. एवढे झाले तरी सहल सार्थकी लागली असे आम्ही समजू.