कृत्रिम दायी (ब्रूडर)

कृत्रिम दायी : कोंबडीच्या नवजात पिलांना अंगावर पुरेशी पिसे येईपर्यंत मातेऐवजी ऊब पुरविणारे साधन. उष्णता देणारा दिवा किंवा शेगडी, तिच्यावरील छत्री, भोवतालचे कुंपण आणि जमिनीवरील गादी या सर्वांना मिळून व्यवहारात ‘ब्रूडर’ असे म्हणतात.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिलाच्या अंगावर केवळ मऊ लव असते. शरीराचे तापमान स्थिर राखण्याची क्षमता त्याच्यात जन्मतः अपुरी असून ती पहिल्या दोन आठवड्यांत हळूहळू विकसित होते. खुडूक कोंबडी पिलांना पंखांखाली घेऊन ही उणीव भरून काढते. तथापि एका कोंबडीला दहा-बारा पिलेच नीट सांभाळता येतात. शिवाय व्हाइट लेगहॉर्नसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जातींत निवड पद्धतीच्या प्रजननामुळे खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. कोंबडीवाचून अंडी उबविण्याच्या भट्ट्या ईजिप्तमध्ये प्राचीन काळापासून होत्या; पिले जगविण्याचा प्रश्न मात्र वेगळा होता. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लोकरीसह मेंढीच्या कातड्याचे अस्तर लावलेल्या उबदार पेटीचे वर्णन केले आहे. आजची कृत्रिम दायी हे त्याच कल्पनेचे सुधारित रूप होय. वनराज, गिरिराज यांसारख्या परसातील पालनासाठी तयार केलेल्या जातींची एक दिवसाची पिले विकत घेणाऱ्या कुटुंबाजवळ खुडूक कोंबडी असेलच असे नाही. अशा वेळी पन्नास पिलांचे भांडवल पहिल्या काही रात्रींतच तरते किंवा बुडते.

मांडणी : पिले येण्यापूर्वी खुराडे धुऊन, निर्जंतुक करून पूर्ण वाळवितात. जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले यांची ५ ते ८ सेंमी. जाडीची गादी अंथरतात. ती कोरडी असावीच, पण बुरशीचा वासही तिला नसावा. कारण ॲस्पर्जिलस बुरशीची बीजुके श्वासावाटे जाऊन पिलांना फुप्फुसाचा घातक विकार होतो. केवळ गुळगुळीत कागद अंथरणे चुकीचे आहे. त्यावरून पाय घसरून ते कायमचे फाकतात.

पत्रा, पुठ्ठा किंवा बांबूची तट्टी यांचे ३५ ते ४५ सेंमी. उंचीचे वर्तुळाकार कुंपण छत्रीच्या कडेपासून सु. ६० ते ७५ सेंमी. अंतरावर उभारतात. वर्तुळाला कोपरे नसतात, हा त्याचा मुख्य गुण होय. घाबरलेली किंवा गारठलेली पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. दर दोन-तीन दिवसांनी हे कुंपण सरकवून जागा वाढवितात व साधारणतः आठवड्याने ते काढून टाकतात. चार आठवड्यांच्या वयापर्यंत दर पिलास सु. ४५० चौ. सेंमी. जागा लागते.

लहान प्रमाणावर बांबूची मोठी पाटी उपडी टांगून तिच्याखाली विजेचे दिवे लावले, तरी काम भागते. दर पिलामागे एक ते दोन वॉट असा ठोकताळा वापरतात. हे दिवे तारेच्या (फिलॅमेंटच्या) जुन्या पद्धतीचे किंवा अवरक्त किरणांचे हवेत. एलईडी दिव्याने उजेड पडतो, उपयोगी पडेल इतकी ऊब मिळत नाही. दिवा पाटीला व गादीला लागणार नाही अशा बेताने साखळीने टांगावा, कारण तूस सहज पेट घेते.

तापमान : छत्रीच्या कडेला, पिलाच्या पाठीच्या उंचीवर म्हणजे गादीपासून सु. ५ सेंमी. वर, पहिल्या आठवड्यात ३५° से. तापमान ठेवतात. पुढे दर आठवड्यास ते सु. ३° से. ने कमी करीत नेतात. गादीही तापलेली असावी म्हणून पिले येण्यापूर्वी एक दिवस अगोदर दिवे सुरू करणे इष्ट असते.

तापमापक मात्र एकाच ठिकाणचा आकडा सांगतो. पिले छत्रीखाली दाटीवाटीने गोळा होऊन चिरक्या आवाजात ओरडत असतील, तर ऊब अपुरी आहे. ती कुंपणाला चिकटून, पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, तर ऊब जास्त आहे. सर्व पिले एकाच बाजूस सरकली असल्यास दुसरीकडून वाऱ्याचा झोत येत असतो. ती सर्वत्र विखुरलेली, काही खात, काही पसरून झोपलेली असली, म्हणजे दिव्याची उंची योग्य समजावी. ही पाहणी रात्री आणि विशेषतः पहाटेपूर्वी करावी. दिवसाच्या पाहणीवर विसंबणाऱ्यांची पिले बहुधा याच वेळी दगावतात. पिलाचे पाय आपल्या गालाला गार लागले, तर ते गारठले आहे हे लगेच कळते.

सबंध खुराडे सारखेच तापविणे ही नेहमी आढळणारी चूक होय. कोंबडीच्या पंखांखालून पिलू हवे तेव्हा बाहेर येते व पुन्हा आत शिरते. कुंपणाच्या आत उबदार आणि तुलनेने थंड असे दोन्ही भाग राहिले, तरच त्याला ही निवड करता येते. गोणपाट लावून सर्व फटी बुजविल्याने तर दुहेरी अपाय होतो : गादीतून निघणारा अमोनिया साचतो आणि वीज नसताना कोळशाची शेगडी वापरली असल्यास कार्बन मोनॉक्साइडाने सर्व पिले एका रात्रीत मरू शकतात. पडदे पिलांच्या उंचीवर वारा अडविण्यापुरते असावेत; छपराजवळची हवा मोकळी राहिली पाहिजे.

ऋतुमानाप्रमाणे या नियमांत फरक पडतो. विदर्भात मे महिन्यात दुपारी दिवे बंदच ठेवावे लागतात आणि पिलांना उष्म्यापासूनच जपावे लागते. कोकणात पावसाळ्यात थंडीपेक्षा ओल अधिक घातक ठरते. ओल्या गादीत कॉक्सिडिया या परजीवींची वाढ होऊन पिलांना रक्ती हगवण लागते. म्हणून गादी रोज खालीवर करतात व पाण्याच्या भांड्याभोवतीचा भिजलेला भाग बदलतात.

पिलाच्या पोटात उरलेल्या बलकावर ते सु. दोन दिवस तग धरते, म्हणूनच त्याची दूरवर वाहतूक शक्य होते. आल्यावर प्रथम चोच बुडवून प्रत्येकाला पाणी पाजतात व नंतर मक्याचा बारीक भरडा देतात. पाण्याचे भांडे उथळ असावे. त्यात खडे टाकल्यास पिले बुडत नाहीत. मरेक रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी, तर मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिल्या आठवड्यात देतात.

साधारणतः तीन ते चार आठवड्यांनी, पंख व पाठ पिसांनी झाकल्यावर, ऊब बंद करतात. प्रथम दिवसा व नंतर रात्री असा क्रम ठेवतात. उबेबरोबर उजेडही एकाएकी गेल्यास पिले बिचकून एकमेकांवर चढतात; त्यामुळे पुढील दोन-तीन रात्री मंद दिवा ठेवतात.