मिनिटं वाढली, डोस तोच

मी रुग्णालयात काम करतो, पण डॉक्टर नाही. कर्करोगाच्या गाठीला किरणांचा डोस किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो नेमका तेवढाच पोहोचावा, याची आकडेमोड आम्ही भौतिकशास्त्राची माणसं करतो. माझं गाव मंगरुळपीरकडचं. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातले रुग्ण नागपूरला आले की माझ्याशी मोकळेपणानं बोलतात. असेच एक शेतकरी बाबा. पहिल्या उपचारानंतर सोयाबीनच्या काढणीत अडकले आणि तीन आठवड्यांनी उगवले.

"मांगच्या खेपेले आठच मिनिटं लागले व्हते. आज पावनेदहा कावून? दुखनं वाढलं काय, साहेब?"

प्रश्न रास्त होता. बाबांच्या श्वासनलिकेत गाठ होती, चार पावलं चाललं की दम लागायचा. अशा वेळी दुर्बिणीच्या मदतीनं नाकातून एक बारीक नळी गाठीपर्यंत नेतात. तिच्यातून इरिडियम-१९२ चा, तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा तारेच्या टोकावर आत जातो. एसटीसारखा ठरलेल्या थांब्यांवर काही सेकंद थांबतो आणि यंत्रातल्या जाड धातूच्या तिजोरीत परततो. कुठल्या थांब्यावर किती सेकंद, हा आमचा हिशेब.

इरिडियमची शक्ती सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते. तीन आठवड्यांत ती १८ टक्के उतरते. म्हणून त्याच डोसाला आठऐवजी पावणेदहा मिनिटं. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हंजे ब्याटरीचे सेल उतरले म्हना ना!" इतकं सोपं मलाही सांगता आलं नसतं.

वेळेचं गणित सोपं. खरी काळजी अंतराची. ठिपक्याएवढ्या स्रोतापासून दुप्पट लांब गेलं की डोस चौथाई होतो, निम्म्या अंतरावर चौपट. डोस सहसा नळीपासून १ सेंटीमीटरवरचा धरतात. पण नळी एका बाजूच्या भिंतीला टेकली, तर त्या भिंतीला कितीतरी जास्त मार बसतो. तिच्यामागे मोठी रक्तवाहिनी असेल तर रक्तस्रावाची भीती. म्हणून नळी कुठे बसली आहे, ते चित्रात पाहिल्याशिवाय आम्ही आकड्याला हात लावत नाही.

आणखी एक गोम आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेनं डोस मोजण्याची जी रीत घालून दिली, ती भोवती सगळं पाणीच आहे असं धरते. स्नायूंना ते बरंचसं लागू पडतं. फुप्फुस मात्र हवेनं भरलेलं, पाण्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकं विरळ. आयोडीन-१२५ च्या बियांचे किरण मऊ. पाण्यात लवकर अडणारे हे किरण फुप्फुसात पुढे निसटतात. परदेशात फुप्फुसाचा तुकडा काढल्यावर टाक्यांच्या रेषेवर या बिया कायमच्या बसवून पाहिल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यामुळे गाठ त्याच जागी परतण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही.

घरच्यांची शंका वेगळी होती: नातवंडांना बाबांजवळ जाऊ द्यायचं का? खुशाल जाऊ द्या, मी म्हटलं. तुकडा तिजोरीत परतला की बाबांच्या अंगात किरण उरत नाहीत. कायमच्या बिया बसवल्या असतील, तर मात्र लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्याबाबत डॉक्टर काही दिवस जपायला सांगतात.

पुढच्या आठवड्यात बाबा वेळेवर आले. टेबलावर आडवं होण्याआधीच त्यांनी विचारलं, "आज कितीक?"

"दहा मिनिटं चोवीस सेकंद."

"बरोबर हाय," म्हणाले, "सेल आनखी उतरले."