टर्बोच्या गाडीला इंटरकूलर कोणता?

भिलाईच्या पोलाद कारखान्यासंबंधी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. या भट्टीत हवा सोडण्यापूर्वी ती उंच उभ्या चुल्ह्यांतून नेतात आणि हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. कारखान्याच्या शेजारी हथखोजची अवजड औद्योगिक वसाहत आहे. तेथे लोखंड वाहणाऱ्या ट्रकांच्या इंजिनांत मात्र नेमके उलट चालते. तेथे हवा आत सोडण्यापूर्वी निववितात. भट्टीला उष्णता हवी असते, म्हणून तिला तापलेली हवा द्यायची. इंजिनाचे सिलिंडर ठरावीक आकाराचे. त्यात जितका अधिक प्राणवायू मावेल तितके अधिक इंधन जळणार, आणि थंड हवा दाट असते. हे काम करणारे उपकरण म्हणजे इंटरकूलर. टाटांच्या '४९७ टी.सी.आय.सी.' यासारख्या इंजिनांच्या नावातील शेवटची दोन अक्षरे त्याचीच आहेत.

इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून आत कोंबावी, या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. तोच आजचा टर्बो. परंतु हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते, तसेच. मे महिन्यातील दुपारी भिलाईच्या बाजूला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ही हवा टर्बोने दुप्पट दाबली आणि त्या यंत्राची कार्यक्षमता शेकडा ७० धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १४५ अंशांची असते. गाडीबरोबर आलेला, चांगल्या स्थितीतील इंटरकूलर या वाढीपैकी शेकडा ७० भाग उतरवितो असे मानू. म्हणजे हवा ७५ अंशांवर येते आणि तिची घनता जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाढते. हा लाभ मोठा आहे, आणि तो आपल्याला गाडी विकत घेतानाच मिळालेला आहे.

आता त्याच्या जागी मोठा, महागडा इंटरकूलर बसविला, आणि तो शेकडा ७० ऐवजी ८० भाग उष्णता काढू लागला, असे समजा. हवा ७५ वरून ६५ अंशांवर येईल आणि घनता वाढेल ती शेकडा ३. आकडा पाहून उत्साह ओसरावा, असाच तो आहे. उलट, जुन्या इंटरकूलरची जाळी धूळ, किडे आणि तेलकट चिकटा यांनी बुजून त्याची शक्ती ७० वरून ५० वर आली असेल, तर हवा ९५ अंशांची राहते आणि घनतेत शेकडा ५ ते ६ ची खोट येते. हथखोजसारख्या वसाहतीत लोखंडाचा आणि कोळशाचा भुगा सतत उडत असतो. तेथील गाडीच्या मालकाने नव्या वस्तूचा भाव विचारण्याआधी जुनी धुऊन घ्यावी, हेच हिताचे. बाहेरची जाळी कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पाती आडवी पडतात. टर्बोच्या रबरी नळ्या आणि त्यांवरच्या क्लिपाही तपासाव्यात. गाडी जोरात असताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, किंवा डिझेलची गाडी एकाएकी काळा धूर ओकू लागली असेल, तर पुष्कळदा दोष नळीच्या चिरेत असतो, इंटरकूलरमध्ये नसतो. ती नळी बदलण्याचा खर्च नव्या इंटरकूलरच्या मानाने किरकोळ असतो.

एवढे करूनही गरज उरलीच, तर निवडीचा प्रश्न येतो. गरज खरी कोणाची? ज्याच्या गाडीच्या टर्बोचा दाब वाढविलेला आहे त्याची, आणि ज्याला ओझे घेऊन सावकाश घाट चढावा लागतो त्याची. खंबाटकीसारख्या चढणीवर इंजिन पुऱ्या जोरावर असते, पण गाडीचा वेग कमी, म्हणून इंटरकूलरला वारा लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनात तापलेली हवा ठोके निर्माण करते. ते टाळण्यासाठी गाडीतील संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि जोर घटतो.

बाजारात दोन घडणी दिसतात. पातळ चपट्या नळ्या आणि त्यांमधील पाती, अशी एक. ती हलकी आणि स्वस्त असते व वाऱ्याला कमी अडविते. दुसरी जाड पट्ट्यांची आणि पत्र्यांची. ती दणकट आणि जड, तापायला आणि निवायलाही वेळ घेणारी. दोहोंत कोणती श्रेष्ठ, हा वाद मला निष्फळ वाटतो. पाहायचे ते समोरून दिसणारे क्षेत्रफळ. वाऱ्याला भेटणारी बाजू रुंद असावी. जाडी दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही, कारण मागच्या अर्ध्या भागाला मिळतो तो पुढच्या भागाने आधीच तापविलेला वारा. शिवाय तोच वारा पुढे रेडिएटरला जायचा असतो. मे महिन्यात अतिजाड इंटरकूलर बसवून हवा थंड केली आणि इंजिनाचे पाणी उकळले, तर काय मिळविले?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि विक्रेता ती सहसा बोलत नाही: हवा आतून जाताना किती दाब गमावते. दोन वातावरणांच्या एकूण दाबापैकी जुना इंटरकूलर दशांश १ गमावीत असेल आणि नवा दशांश २, तर शेकडा ५ ची हानी होते. म्हणजे थंडाव्याने मिळविलेले ३ गेले आणि पदरचे २ ही गेले. म्हणून अलीकडे आणि पलीकडे असे दोन दाबमापक जोडून मोजल्याखेरीज कोणत्याही दाव्यावर विसंबू नये.

माफक खर्चाचा माझ्या मते उत्तम मार्ग म्हणजे त्याच कंपनीच्या अधिक शक्तीच्या गाडीवरचा मूळ भाग, सुट्या भागांच्या जुन्या बाजारातून घेतलेला. तो जागेवर बहुधा थोड्या फेरफाराने बसतो. मात्र ज्या गाडीचा टर्बो फुटला तिचा भाग घेऊ नये. आत अडकलेले धातूचे कण थेट आपल्या सिलिंडरांत जातात. घेतलेला भाग रॉकेलने आतून धुवावा आणि पुरता वाळवावा. आत राहिलेले रॉकेल डिझेलच्या इंजिनात ओढले गेले, तर इंजिन हाताबाहेर भरधाव सुटू शकते. मग दोन्ही तोंडे बंद करून टर्बोच्या दाबाहून किंचित अधिक दाबाची हवा भरावी आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवावा. बुडबुडे दिसले तर गळती आहे. टोकांच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या असतील तर आर्गन वेल्डिंगने दुरुस्ती होते. प्लॅस्टिकच्या असतील तर त्या नादी लागू नये.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरविलेला आणि नोंदणीत असलेला तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणून गाडीचा सांगाडा कापून काही बसवू नये, आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारून घ्यावे.

बसविल्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्यासह आणि शक्यतो त्याच प्रहरी आत जाणाऱ्या हवेचे तापमान पुन्हा मोजावे. बहुतेक नव्या गाड्यांच्या संगणकाला जोडता येणारे साधे वाचनयंत्र हा आकडा दाखविते. सकाळच्या गारव्यात घेतलेला आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.