ॲक्सल खांद्यावर मोडतो

मोताळ्याच्या एका वाचकाने विचारलंय : घरच्या घरी लहान ट्रॉली बनवतोय, कापूस मलकापूरला न्यायचा आहे, ॲक्सल चौकोनी घ्यावा की गोल?

ट्रॉलीचा ॲक्सल जागच्या जागी असतो, फिरतात ती चाकं. त्याला सोसायचा असतो तो मुख्यतः वाक, आणि तिथे चौकोनी बार सरस. 75 मिलिमीटरचा चौकोनी बार त्याच जाडीच्या गोल बारापेक्षा 1.7 पट वाक सोसतो. वजन मात्र सव्वापटच भरतं. पाटे चाकाच्या जितके जवळ बसतील तितके बसवा. चाकाच्या मध्यापासून 20 ऐवजी 30 सेंटिमीटर आत गेले, की त्याच ओझ्याने दीडपट वाक पडतो.

पण माझा जीव अडकतो तो बाराच्या टोकाशी. बेअरिंगसाठी लेथवर चौकोनाचा गोल करतात, तिथे एक खांदा तयार होतो. हा खांदा किती घातक, ते एका जुन्या अपघाताने शिकवलं. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला. डबे एकमेकांवर चढून पेटले, दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून जास्त माणसं गेली. हादऱ्यांनी लोखंडाचे स्फटिक होतात आणि ते ठिसूळ बनतं, असं तेव्हा जाणकारही मानत. पंचविशीही न गाठलेले अभियंते विल्यम रँकिन यांनी 1843 मध्ये वेगळंच मांडलं. भेग काटकोनी खांद्यावर सुरू होते, कडेकडेने आत सरकते, आणि उरलेला गाभा एक दिवस तुटतो. उपाय किती साधा! खांद्याला काटकोनाऐवजी गोलाई द्या. वारंवार ताण पडून धातू असा हळूहळू तुटणं म्हणजे धातूचा थकवा. त्याचा विषय निघाला की ऑगस्ट व्होलर यांचं नाव येतं. त्यांचे प्रयोग मोठेच, पण ते नंतरचे. रँकिन यांचं हे काम अजून कितीतरी जणांना माहीत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

तेव्हा लेथवाल्याजवळ उभं राहून सांगा, ‘कोपऱ्यात रेडियस ठेव.’ खांद्याजवळ वेल्डिंग करू देऊ नका, त्या आचेने पोलाद ठिसूळ होऊ शकतं.

भंगारातला ॲक्सल घेत असाल, तर खांदा घासून चकचकीत करा. घासलेट लावून थोडा वेळ ठेवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. भेगेत मुरलेलं घासलेट बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटते. ती दिसली तर तो ॲक्सल तिथेच ठेवून या.