सिमलिंक आणि फाइलचा शोध: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

बॅकअप घेणारा, जुन्या फाइल पुसणारा किंवा डिस्कवरची जागा मोजणारा प्रोग्रॅम फोल्डरच्या आतली फोल्डरं धुंडाळत जातो. वाटेत सिम्बॉलिक लिंक, म्हणजेच सिमलिंक, लागली की तिच्या मागे जायचं की नाही, हे ठरवावं लागतं. आपण ठरवलं नाही, तर भाषेची लायब्ररी ठरवते. तो निर्णय ठाऊक नसेल, तर बॅकअपमधून फाइल गळतात किंवा मोजणीत दोनदा येतात.

गैरसमज: सिमलिंक म्हणजे त्याच फाइलचं दुसरं नाव.

वस्तुस्थिती: दुसरं नाव असते ती हार्ड लिंक. सिमलिंकमध्ये फक्त एक पाथ लिहिलेला असतो. त्या जागी खरोखर काही आहे का, याची ती हमी देत नाही. मूळ फाइल हलवली की लिंक तुटते, पण फोल्डरमध्ये दिसत राहते. अशा तुटलेल्या लिंकबद्दल पायथनचं 'ओएस.पाथ.एक्झिस्ट्स' नकार देतं आणि 'ओएस.पाथ.लेक्झिस्ट्स' होकार देतं. कारण पहिलं लिंकच्या पलीकडे पाहतं, दुसरं लिंककडेच.

गैरसमज: याबाबत सगळ्या भाषांचा नियम एकच.

वस्तुस्थिती: पायथनचं 'ओएस.वॉक', जावाचं 'फाइल्स.वॉक' आणि गोचं 'फाइलपाथ.वॉकडिर' आत सापडलेल्या लिंकमागे आपणहून जात नाहीत. पायथन आणि जावाला पर्याय देऊन तसं सांगता येतं. गोच्या या फंक्शनला तसा पर्यायच नाही. एकाच भाषेतही एकवाक्यता नसते. पायथनच्या 'ग्लोब' मॉड्यूलमध्ये 'रिकर्सिव्ह' चालू केलं, की डबल स्टार फोल्डरकडे नेणाऱ्या लिंकमध्येही शिरतो. बॅशने तर आवृत्तीगणिक वागणं बदललं: 4.0 मध्ये डबल स्टार लिंकमधून आत जायचा, 4.3 पासून जात नाही.

गैरसमज: लिंक फिरून वरच्याच फोल्डरकडे आली, तर प्रोग्रॅम आपोआप सावध होतो.

वस्तुस्थिती: जावा असं चक्र ओळखून एरर देते. रस्टमधली 'वॉकडिर' लायब्ररीही देते. पायथनचं 'ओएस.वॉक' मात्र आधी पाहिलेल्या फोल्डरांची नोंद ठेवत नाही. लिनक्स एका पाथमध्ये जास्तीत जास्त 40 सिमलिंक उलगडतं, त्यामुळे फेरा कधीतरी तुटतो. पण तोवर तीच फाइल पुन्हा पुन्हा यादीत आलेली असते. एकाच फोल्डरमध्ये त्याच फोल्डरकडे परतणाऱ्या दोन लिंक असतील, तर प्रत्येक पायरीला वाटा दुप्पट होतात आणि चाळिसाव्या पायरीला एक लाख कोटींच्या वर जातात. असा प्रोग्रॅम संपण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. लिंकमागे जायचंच असेल, तर प्रत्येक फोल्डरचा डिव्हाइस क्रमांक आणि आयनोड क्रमांक यांची जोडी नोंदवावी आणि तीच जोडी पुन्हा दिसली की मागे फिरावं.

गैरसमज: लिंक आहे का ते आधी तपासलं, की पुसणं सुरक्षित.

वस्तुस्थिती: तपासणं आणि पुसणं यांमध्ये क्षणभराची फट असते. तेवढ्यात दुसरा प्रोग्रॅम खऱ्या फोल्डरच्या जागी लिंक ठेवू शकतो आणि पुसणं भलत्याच ठिकाणी होतं. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या 'रिमूव्ह डिर ऑल' या फंक्शनमध्ये हीच त्रुटी निघाली. जानेवारी 2022 मध्ये आवृत्ती 1.58.1 काढून ती दुरुस्त करावी लागली. त्यामुळे असं काम स्वतः लिहिण्यापेक्षा दुरुस्त झालेली लायब्ररी वापरणं शहाणपणाचं.

लिंकमागे जाणं योग्य की अयोग्य, याचं सर्वांना लागू पडणारं उत्तर नाही. ते कामावर ठरतं. म्हणून तो पर्याय कोडमध्ये स्पष्ट लिहावा. मग एक चाचणीचं फोल्डर करून त्यात तीन लिंक ठेवाव्यात: एक बाहेरच्या फोल्डरकडे जाणारी, एक वरच्या फोल्डरकडे परतणारी आणि एक तुटलेली. या तिन्हींपाशी आपला प्रोग्रॅम काय करतो हे पाहिल्याशिवाय त्याच्या हाती खरा डेटा देऊ नये.